विक्री थोरल्याची, दुरुस्ती धाकट्याची

आक्का बसमधून उतरली ती थेट दुकानातच आली. आधी कोणत्या भावाच्या घरी जायचं, हा प्रश्न तिनं या खेपेला असा निकालात काढला होता. थोरल्याकडे आधी गेलं की धाकट्याच्या घरी तोंडं फुगायची, आणि धाकट्याकडे आधी गेलं की थोरली भावजय तिच्या चहात साखर घालायला विसरायची. शिवाय काम दुकानाचंच होतं. अण्णा गेल्यावर या खोलीवर तिन्ही भावंडांची नावं लागली होती, आणि ती विकायची की ठेवायची हे आज ठरायचं होतं.

सुट्टीचा वार असल्यानं शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं. आक्का वाकून आत शिरली आणि कंबर धरून उभी राहिली. आत तोच वास, मशीनच्या तेलाचा आणि जुन्या लाकडाचा. भिंतीला लागून शिलाई मशीनं, कुणाचं चाक काढलेलं, कुणाचं डोकंच काढून ठेवलेलं. मध्ये अण्णांचं लांब बाक, त्यावर वाकवता येणारा दिवा, आणि बाकामागे धाकटा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा तो एक बॉबिन केस, खालच्या दोऱ्याची डबी, कापडानं पुसत बसला होता. त्याला सगळे बाळ्या म्हणतात. बाळ्याच्या डोक्यावरचे केस गेले, नाव काही गेलं नाही.

"आक्का, आलीस? बस ना. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय डगडगतो."

"दुनियेची मशीनं दुरुस्त करतोस आणि स्वतःचं स्टूल डगडगतं," आक्का बसत म्हणाली. "बरं, विसरायच्या आधी. शेजारणीनं मशीनच्या सुया मागवल्यात. एक पाकीट दे."

"सुया नाहीत."

"संपल्या?"

"नाही म्हणजे, दुरुस्तीपुरत्या आहेत. विकत नाही मी."

"मशीनच्या दुकानात सुया विकत नाहीस? का?"

बाळ्यानं तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनंच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं. "विक्री दादाची ना."

"दादाचं दुकान बंद होऊन चार वर्षं झाली, बाळ्या!"

"म्हणून काय झालं?"

अण्णांनी अंथरूण धरल्यावर धंद्याची वाटणी केली होती ती अशी: मोठ्या रस्त्यावरच्या भाड्याच्या दुकानात नवी मशीनं आणि सामान विकायचं, ते थोरल्याचं, गल्लीतल्या या खोलीत दुरुस्ती करायची, ती धाकट्याची. एकानं दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा नाही. वडिलांचा शब्द पाळणारी मुलं पुष्कळ असतात, पण या दोघांनी तो पाळला तसा पाळायला वेगळीच बुद्धी लागते. थोरल्याच्या दुकानासमोर एखाद्या बाईच्या मशीनचा पट्टा नुसता घसरला तरी तो हात लावायचा नाही, मशीन उचलून गल्लीत पाठवायचा. आणि धाकटा सुईसाठी आलेल्या बाईला रस्ता ओलांडून दादाकडे पाठवायचा. आता दादाच्या दुकानात चपला मिळत होत्या, तरी हा पाठवतच होता. पाठवायला ठिकाण उरलं नव्हतं एवढंच.

आक्का मनात म्हणाली, हे असले दोघं भाऊ, आणि यांच्या भरवशावर अण्णा निर्धास्त डोळे मिटून गेले. तिचा निश्चय आणखी पक्का झाला. खोली विकलेलीच बरी. कुरियरच्या माणसाला गोदामासाठी ती हवी होती, त्याला संध्याकाळपर्यंत फोन करते असं ती सांगून आली होती. दादानं तर सगळंच घालवलं होतं. निदान एवढा वाटा तरी त्याच्या हाती पडू दे. आक्काच्या मनात खोट नव्हती. तिला थोरल्याचं वाईट वाटत होतं आणि ते कसं निस्तरायचं याची तिला एवढी एकच वाट दिसत होती.

*

थोरला आणि थोरली आली ती नेहमीप्रमाणे पुढं-मागं चालत. थोरल्याच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता. एका कपड्यांच्या कारखान्यात माल मोजून घ्यायच्या खिडकीवर त्याला नोकरी मिळाली होती. तिथं इस्त्रीकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं, पण तो रोज करूनच जायचा. दुकान गेलं तरी कॉलर ताठ राहिली, असं लोक त्याच्यामागे म्हणायचे. हे थोरलीच्या कानावर होतं. आणखीही बरंच काही तिच्या पोटात होतं.

त्यांच्या पाठोपाठ बाळ्याची बायको, धाकटी, आली आणि तिनं थर्मासमधून चहा ओतला. ती दवाखान्याच्या स्वयंपाकघरातली पाळी संपवून तशीच आली होती. केसांवरची जाळी काढायचंही तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. थोरलीनं ती हळूच काढून तिच्या हातात दिली. दोघी जावांचं फार सख्य नव्हतं, पण एवढं होतं.

"मी सरळच बोलते," आक्का म्हणाली. "गिऱ्हाईक चांगलं आहे. तिघांना सारखे वाटे होतील. बाळ्या, तुझं वय काही कमी होत नाही आणि दादाची मुलगी शिकतेय. कशाला ओढत बसायचं?"

"मी विकणार नाही," बाळ्या म्हणाला. "दुसरं काय करू मी? मला दुसरं काही येत नाही."

"येत नाही म्हणून चालू ठेवायचं?"

"चालतंय म्हणून चालू ठेवायचं."

"मग मला एवढं सांग," आक्का पुढं सरकली. "दोन दुकानं, एकाच बापाची. एक मोठ्या रस्त्यावर, काचेचं, पाटीवर दिवे. ते बंद पडलं. दुसरं या बोळात, पायऱ्या चढून यायचं, उभं राहायला जागा नाही. ते अजून आहे. का? याचं धड उत्तर दे, मी आत्ता उठून जाते."

बाळ्यानं विचार केला. त्यानं खरोखरच विचार केला, आणि मग जे म्हणाला त्यात त्याला काही वावगंही वाटलं नाही. "हात," तो म्हणाला. "अण्णांचा हात माझ्याकडे आला. दादाकडे बोलणं होतं, हात नव्हता."

थोरलीनं कप खाली ठेवला. कप वाजला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो समोरच्या भिंतीवरचं एक जुनं चाक बघत होता, जणू ते विकायला काढलं आहे आणि भाव काय सांगावा याचा तो विचार करतो आहे. तिला ही नजर चांगली ठाऊक होती. ही नजर म्हणायची, तू बोलायचं नाहीस. त्यानं तिच्याकडून शब्द घेतला होता, आणि शब्द पाळायच्या बाबतीत या घरात लग्न करून आलेल्या बायकाही हळूहळू तशाच होत जातात.

"अहो, तुम्ही काहीतरी बोला," ती म्हणाली.

"काय बोलायचं?" थोरला म्हणाला. "घरपोच स्वस्त मशीनं यायला लागली, लोकांनी विकत घेणं बंद केलं. मला धंदा जमला नाही. झालं."

"एवढंच?"

"एवढंच."

थोरलीला वाटलं, आपण उठून या सगळ्या मशीनांची चाकं एकदम गरागरा फिरवावीत, म्हणजे निदान आवाज तरी होईल. चार वर्षं ती नातेवाइकांत मान खाली घालून बसत होती. कोणाच्या घरी गेलं की कोणी ना कोणी म्हणायचंच, धाकट्यानं बघा कसं टिकवलं. तिला दुकान परत नको होतं, वाटाही नको होता. कोणीतरी एकदा खरं म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. पण ते ती मागणार कशी? म्हणून तिनं आक्काची बाजू घेतली. "विकाच," ती म्हणाली. "आक्का म्हणतात ते बरोबर आहे. एकाचं गेलं, दुसऱ्याचंही जाऊ दे. घर तरी सारखं होईल."

"वहिनी!" बाळ्या म्हणाला.

*

धाकटी आतापर्यंत काही बोलली नव्हती. ती आपल्या बाजूनं आहे हे बाळ्या गृहीतच धरून होता. नवरे बरंच काही गृहीत धरतात, पण या बाबतीत त्याचा तसा दोष नव्हता, कारण तिनं आजवर त्याला कधी उलट कळू दिलं नव्हतं.

ती दमली होती. तिच्या हातांना मोठ्या पातेल्यांच्या वाफेचा वास येत होता. "हात" हा शब्द तिनं ऐकला तेव्हा तिला आधी हसूच आलं. माणूस किती गोड असावा, आणि किती आंधळा.

"मी सांगते का चाललं ते," ती म्हणाली. "हातावर नाही चाललं. मंदीच्या महिन्यांत सुटे भाग कोण आणतं? विजेचं बिल कोण भरतं? माझ्या पगारावर चाललंय हे. या थोरल्या ताईंना नोकरी नव्हती म्हणून त्यांचं बंद झालं, मला होती म्हणून आपलं नाही झालं. दुकान चालवणारा तो असतो ज्याच्या घरात दुसरं कोणीतरी कमावतं."

बाळ्यानं हातातला बॉबिन केस उलटा करून पाहिला.

"मी कधी म्हटलं नाही," ती पुढं म्हणाली, "कारण तुम्हाला इथं बसलेलं बघायला मला आवडतं. घरी आलात की तुमचं तोंड बघून मला कळतं आज एखादं मशीन बोललं की नाही ते. पण मला आता पहाटेची पाळी झेपत नाही हो. विचारताच आहात तर, विका."

आता बाळ्या एकटा पडला. आक्काला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण धाकट्या भावाच्या चेहऱ्यावरून तिची नजर हलेना. लहानपणी हा पायमशीनखाली बसून खेळायचा, आणि अण्णा पाय हलवताना त्याला लागू नये म्हणून अधूनमधून वाकून बघायचे.

"दादा," ती म्हणाली, "माझं म्हणणं विका, बाळ्याचं म्हणणं नको. राहिलं तुझं नाव. तू म्हणशील तसं."

थोरल्यानं तोंड उघडलं, आणि त्याच वेळी शटरवर कोणीतरी थापा मारल्या.

*

"मिस्त्री! आहात ना आत? दिवा दिसतोय मला!"

झबलेवाल्या मावशी होत्या. लहान मुलांची झबली शिवण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. मशीनचं डोकं पोत्यात गुंडाळून त्यांनी पोरासारखं कडेवर घेतलं होतं. शटर वर झालं तशा त्या कोणाला न विचारता आत आल्या आणि ते डोकं बाकावर आदळलं.

"सुट्टी आहे माहीत आहे मला. पण उद्या सकाळी दुकानात माल द्यायचाय आणि हे मेलं दोरा गिळतंय. वरून टाका दिसतो छान, खाली नुसतं घरटं."

बाळ्या उठला. त्या क्षणी त्याला ते मशीन म्हणजे देवदूत वाटलं. घरच्या माणसांपेक्षा बिघडलेल्या मशीनशी बोलणं त्याला सोपं होतं. त्यानं सुईखालची पट्टी काढली, दिवा जवळ ओढला. दिव्याचा कोन काही जमेना, तेव्हा आक्कानं सवयीनं उठून तो धरला. परकरात असताना ती हेच करायची. थोरलीनं खालच्या डब्यातून कापडाची चिंधी काढून पुसायला फाडून दिली. धाकटी दोरा घेऊन तयार राहिली, कारण बाळ्याला आता सुईचं नाक दिसत नव्हतं. भांडत होते की नव्हते हे सगळे विसरले. फक्त थोरला दूर उभा राहिला, दोन्ही हात पाठीमागे बांधून.

त्याची ही उभं राहायची तऱ्हा सगळ्या घराला पाठ होती. शेठ उभे राहिले, असं मुलं चिडवायची.

"अगं बाई, शेठ तुम्ही इथं!" मावशींचं लक्ष आत्ता गेलं. "तेच म्हटलं, ओळखीचा शर्ट दिसतोय. बघा, तुम्हीच दिलेलं मशीन हे. अजून तसंच आहे."

"मशीन चांगलंच होतं," थोरला म्हणाला. विकलेल्या मालाबद्दल बोलताना त्याचा आवाज अजून बदलायचा.

"मशीन चांगलं, पण तुम्ही महा हट्टी." मावशी स्टुलावर बसल्या, ते डगडगलं, त्या धरून पुन्हा बसल्या. "मिस्त्री, यांच्या मोठेपणापायी माझी कंबर गेली बघा. या पायऱ्या चढून चढून. आम्ही सगळ्या शिवणाऱ्या बायका गेलो होतो ना यांच्याकडे, दुकान बंद व्हायच्या बेताला आलं तेव्हा. म्हटलं शेठ, विक्री राहू द्या, एक दुरुस्तीचं बाक टाका. रस्त्यावर आहात, उतरलं की समोर. आम्ही सगळ्या तुमच्याकडेच येऊ. आणि हात काय, हात तर यांचा असा आहे की तुमचे अण्णा होते तेव्हा एकदा आमच्या गल्लीत..."

"मावशी," थोरला म्हणाला, "चहा घेता का?"

"घेते की. काय सांगत होते? हां. तर हे आम्हाला काय म्हणाले असतील? म्हणाले, 'तुम्ही सगळ्या इथं आलात तर गल्लीत कोण जाईल? त्या कामावर माझ्या भावाचं घर चालतं.' आणि मग महिन्याभरात पाटी उतरवली. आम्ही म्हटलं, काय माणूस आहे. राग पण आला आणि रडू पण आलं."

बाळ्याचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले. अडकलेल्या दोऱ्याचा बारीक गोळा त्यानं चिमट्यानं बाहेर काढला. खाली धातूला एक कंगोरा आला होता, दोरा तिथंच अडत होता. तो त्यानं घासून काढला, हळूहळू, गरज होती त्याहून बराच वेळ. थोरलीनं पदर तोंडाला लावला होता. मावशींना वाटलं दिव्याच्या उजेडामुळे सगळ्यांचे डोळे चमकतायत.

धाकटीनं दोरा ओवला. बाळ्यानं चाक फिरवलं. चिंधीवर टाके पडले, वर एकसारखे, खाली एकसारखे. मावशींनी चिंधी उलटसुलट करून पाहिली, "आता कसं," म्हणाल्या, चहा फुंकून फुंकून प्यायल्या, मशीन पुन्हा कडेवर घेतलं आणि सगळ्यांना आशीर्वाद देत पायऱ्यांना शिव्या घालत उतरून गेल्या.

*

बाळ्यानं शटर खाली केलं नाही. तो दारातच उभा राहिला, पाठ आत करून.

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

"मी तेव्हा गल्ल्यावरच बसले होते," थोरली म्हणाली. "बायकांना मीच पाणी दिलं."

"मग आजवर बोलला का नाहीत?"

"मला शपथ घातली होती ना तुमच्या भावानं. म्हणाले, बाळ्याच्या कानावर गेलं तर तो उद्या दुकानाला कुलूप लावेल."

बाळ्या वळला. त्यानं दादाच्या हातांकडे पाहिलं. ते अजून पाठीमागेच होते. इतकी वर्षं त्याला वाटायचं, ही शेठगिरीची ऐट आहे. आता त्याला कळलं की माणूस हात असे का बांधून ठेवतो. ते पुढं असले तर कामाला लागतील म्हणून.

"तुला येतं," तो म्हणाला. "तुला दुरुस्ती येते. आत्ताही तुला दिसलं होतं काय बिघडलंय ते. हो ना?"

"कंगोरा," थोरला म्हणाला. "दोरा गिळतंय म्हणाल्या तेव्हाच कळलं. पण काम तुझं होतं."

"मी इथं बसून स्वतःलाच शाबासकी देत होतो, दादा. गावभर सांगत होतो, दादाकडे हात नव्हता. आणि एकीकडे तू, दुसरीकडे ही," त्यानं धाकटीकडे बोट केलं, "दोघांनी धरून ठेवलं म्हणून हे उभं होतं. मी नुसता मध्ये बसलो होतो." पुढचं तो घाईघाईनं बोलला. "आक्का, विकू या. मी विकायला तयार आहे. जे काय येईल ते दादाला दे. माझं नाव काढून टाक. मी दुसऱ्याचं खाल्लं."

आणि तेव्हा थोरला ओरडला.

घरात त्याला ओरडताना कोणी पाहिलं नव्हतं. गिऱ्हाइकाशी गोड बोलून बोलून त्याचा आवाजच तसा होऊन गेला होता. पण आता पाठीमागचे हात सुटले, एक हात बाकावर आपटला, आणि सगळी मशीनं थरथरली.

"विकतोस? मग मी माझं कशासाठी बंद केलं?"

थोरलीनं तोंडावरचा पदर काढला.

"सांग ना! दोन्ही चालणार नव्हती. तो रस्ता संपला होता, मला दिसत होतं. एकच राहणार होतं, आणि ते राहिलं. त्या कारखान्याच्या खिडकीत उभा राहतो ना मी, तेव्हा पार वीट येतो मला. मग मी स्वतःला सांगतो, गल्लीत दिवा असेल आत्ता. अण्णांचं बाक असेल, बाळ्या असेल. त्यावर माझा दिवस जातो. आणि तू म्हणतोस विकू या? माझं एक गेलं ते पुरे नाही झालं तुला? हे पण घालवतोस?"

एवढं बोलून तो डगडगत्या स्टुलावर बसला.

थोरली आता उघड रडत होती, पण चेहऱ्यावर तिच्या असा काही मोकळेपणा होता की धाकटीला ती पहिल्यांदाच देखणी वाटली. धाकटी तिच्याजवळ गेली आणि तिचा हात धरून उभी राहिली. "ताई, मला खरंच माहीत नव्हतं हो," ती म्हणाली. "तुमच्यामुळे आमची चूल पेटत राहिली आणि मी मात्र पगाराचा तोरा मिरवला."

"तुझा पगार खोटा आहे का?" थोरली नाक पुसत म्हणाली. "तोही खराच आहे. तू नसतीस तर यांनी बंद करूनही काय उपयोग झाला असता? मी तर म्हणते बरं झालं तू होतीस."

बाळ्या दादासमोर खाली, तेलकट फरशीवरच बसला. मोठ्या भावाच्या पाया पडण्याची पद्धत या घरात नव्हती. त्यामुळे त्याला पुढं काय करायचं ते कळेना. त्यानं नुसता दादाच्या गुडघ्यावर हात ठेवला. इस्त्रीच्या पॅन्टवर तेलाचा पंजा उठला. "दादा, तुझे उपकार," तो म्हणाला.

"पॅन्ट बघ काय केलीस," थोरला म्हणाला. पण त्यानं तो हात काढला नाही.

आक्काला आपलीच लाज वाटत होती. तिनं मघाशी मागितलेलं उत्तर तिला मिळालं होतं आणि ते तिच्या हिशेबात कुठंच बसत नव्हतं. एखादं दुकान का टिकतं? भाग्यानं, हातानं, रस्त्यानं, सगळं खरं. पण शेजारी कोणीतरी गुपचूप स्वतःचं आवरतं घेतं म्हणूनही टिकतं, आणि घरात कोणीतरी पहाटे उठून दुसऱ्यांचा स्वयंपाक करतं म्हणूनही. ही नावं पाटीवर येत नाहीत. तिला वाटलं, आपण अशा घरात जन्मलो, आणि आज त्याचं दुकान आपल्याच हातानं गोदामवाल्याला द्यायला निघालो होतो.

"दादा," ती म्हणाली, "संध्याकाळी कारखान्यातून सुटलास की या बाकावर बसायचं. सुट्टीच्या वारी पण."

"अण्णांनी सांगितलंय..."

"अण्णांनी वाटणी पोटं भरायला केली होती, उपाशी राहायला नाही. त्यांना काय ठाऊक होतं पुढं काय होणार? आज असते तर दोघांच्याही कानाखाली वाजवली असती. मी तुम्हा दोघांहून मोठी आहे, मी सांगते. वाटणी मोडली. तू दुरुस्ती कर आणि हा सुया विकेल. मावशींनी हाक दिली तर सगळ्या बायका सामान घ्यायलाही इथंच येतील. त्या आल्या आणि दोघांचे हात चालले, तर ही पहाटेची पाळी सोडेल."

थोरला बाकाकडे बघत राहिला. दिवा अजून तसाच खाली वाकलेला होता. त्यानं हात लांबवून तो आपल्या बाजूला थोडा वळवला. "बाळ्या," तो म्हणाला, "त्या कोपऱ्यातल्या काळ्या मशीनला काय झालंय?"

"कळत नाही. दोन महिने पडलंय. चाक मध्येच अडतं."

"आण इकडे."

बाळ्या धडपडत उठला.

आक्काचा फोन वाजायला लागला. तिनं नाव बघितलं आणि उचलला. "हो, मीच बोलतेय... हो, बसलोय सगळे... नाही, खोली द्यायची नाही." पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. आक्का त्याचं ऐकत होती आणि समोर बघत होती. थोरल्यानं इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर दुमडल्या होत्या. बाळ्या त्याच्या हातात एकेक हत्यार देत होता. धाकटी दिवा धरून उभी होती आणि थोरली चिंधी फाडत होती.

"नाही हो, किमतीचा प्रश्न नाही," आक्का म्हणाली. "माझी विकायची तयारी होती, कबूल आहे. खोलीवर आमची तीनच नावं आहेत, तेही खरं. पण हे दुकान पाच जणांचं आहे, आणि पाचही जण आत्ता कामात आहेत. ठेवते मी."